एक प्रत आपल्याजवळ

रणपिसे काकांच्या टेबलावरचा स्टेपलर उचलला की खाली पेन्सिलने आखलेला त्याचा आकार दिसायचा आणि आत बारीक अक्षरात 'स्टेपलर' असं लिहिलेलं असायचं. पंचिंग मशीनचं तेच, सेलोटेपचं तेच. चहाच्या कपासाठीही एक गोल काढलेला होता, पण त्यात काही लिहिलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "कप कुठे हरवतोय? गार झाला की आपोआप आठवतो."

"वस्तूला जागा आणि जागेला नाव," हे त्यांचं पहिलं वचन. दुसरं होतं, "एक प्रत आपल्याजवळ." कुठलाही कागद हातातून पुढे जाण्याआधी त्याची एक झेरॉक्स त्यांच्या खणात जायची. गेटपास, रेल्वेचं तिकीट, माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा. मी हसायचे. पुढे त्या सवयीपायी त्यांचं काय झालं आणि त्यात माझा हात किती होता, हे आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

शमुवेल रणपिसे मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. वडील फौजेत होते, म्हणून बालपण दिल्ली कँटोन्मेंटमध्ये गेलं. सरोजिनी नगरला मामाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून टायपिंग शिकले आणि पानिपतच्या एका दऱ्यांच्या, म्हणजे सतरंज्यांच्या, आणि चादरींच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. बाजार खुला झाला, परदेशी गिऱ्हाइकं विमानाने यायला लागली. त्यांना पानिपतपर्यंत न्यायचा ताप नको म्हणून मालकांनी गुडगावात ऑफिस थाटलं. या मालकांना सगळे बाबूजी म्हणायचे. काका तेव्हा इथे आले आणि वर्षभराने मी आले.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती आधी आल्या होत्या आणि रस्ते मागून यायचे होते. इंटरव्ह्यूचा पत्ता विचारायला मी फोन केला तो काकांनीच उचलला. आडनाव ऐकून म्हणाले, "मराठी का? अच्छा. मग लिहून घे. धौला कुआँहून बस धर. मोठी पाण्याची टाकी दिसली की उठून दारात उभी राहा, टाकीनंतर बस थांबत नाही, नुसती हळू होते. उतरलीस की डाव्या हाताला म्हशींचा गोठा. गोठ्याच्या मागे काचेची बिल्डिंग. सेक्टर विचारू नकोस, सेक्टर कोणालाच माहीत नाही." मी एकदाही न चुकता पोचले. परत निघताना त्यांनी कागदावर उलट्या वाटेचा नकाशा काढून दिला आणि कार्बनची प्रत स्वतःकडे ठेवली. पत्ता नेहमी पायांना कळेल असा सांगावा, असं त्यांचं मत होतं. पुढे पंचवीस वर्षं ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी असे नकाशे काढून दिले.

नगरकडचे नातेवाईक त्यांना डिवचायचे की मराठी माणसाने पानिपतच्या भानगडीत पडू नये. त्यावर ते शांतपणे म्हणत, "आमचं रोज पानिपत होतं आणि रोज सहाला सुटतं." त्यांना राग येत नसे. निदान मी कधी पाहिला नाही.

त्यांचं खरं कर्तृत्व म्हणजे एक बटण. पानिपतला कारखान्याच्या एकतीस शेड होत्या. कुठल्या ऑर्डरच्या दऱ्या अजून मागावर आहेत आणि कुठल्या बांधून गोदामात पडल्या आहेत, याची प्रत्येक शेडची एक शीट रोज तयार व्हायची. तिथला सुपरवायझर ओमप्रकाश ती भरायचा आणि सकाळच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर फ्लॉपी पाठवून द्यायचा. इकडे दोन कारकून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या एकतीस शीटा उघडून एका मोठ्या शीटमध्ये उतरवत बसायचे. त्या मोठ्या शीटवरून जहाजाची जागा ठरायची. काकांनी कॉम्प्युटरच्या क्लासचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण मशीनमधली मदतीची पानं छापून घेऊन, डबा खाता खाता, ते मॅक्रो लिहायला शिकले. मॅक्रो म्हणजे शीटला एकदा शिकवून ठेवलेलं काम, मग तिने ते हवं तेव्हा आपलं आपण करायचं. तीन महिने त्यांचा वरणभात रोज गार झाला. मग एके दिवशी मोठ्या शीटवर एक करड्या रंगाचं बटण दिसलं. त्यावर लिहिलं होतं, 'गोळा करा'.

"मराठीत का?" मी विचारलं.

"हिंदीत लिहिलं तर कोणीही दाबेल."

बटण दाबलं की मॅक्रो आधी शीटलाच विचारायचा, तू कुठल्या फोल्डरमध्ये आहेस? ती सांगायची, डी ड्राइव्ह, पानिपत. मग तो त्याच फोल्डरमधल्या एकतीस फायली एकेक करून उघडायचा आणि मिनिटाभरात सगळं गोळा करायचा. बाबूजी खुर्ची ओढून शेजारी बसले. "फिर से दबाओ," म्हणाले. काकांनी परत दाबलं. बाबूजींनी सगळं ऑफिस गोळा केलं आणि म्हणाले, "रणपिसे, ये बटन तुम्हारा है. इसे कोई और हाथ नहीं लगाएगा." दुसऱ्या कोणी हे कौतुक म्हणून घेतलं असतं. काकांनी हुकूम म्हणून घेतलं. त्याच दिवशी त्यांनी मॅक्रोला पासवर्ड लावला आणि आत काय आहे ते पुढे वीस-बावीस वर्षं त्यांच्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

नाताळला ते करंज्यांचा डबा आणायचे. सगळे गुझिया म्हणून खायचे आणि ते दरवर्षी प्रत्येकाला सांगायचे की ही करंजी, हिला वरून पाक नसतो. करंज्या एस्तेर काकू करायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघांनी कर्ज काढून ग्रेटर नोएडात फ्लॅट घेतला होता, तेव्हा तिथे नुसतं शेत आणि एक बोर्ड होता. काकू तिथे तीन वर्षं राहिल्या आणि गेल्या. त्यानंतर करंज्या बंद झाल्या आणि काका तासभर लवकर ऑफिसला यायला लागले. मी एकदा म्हटलं, काका, एवढ्या लांबून इतक्या सकाळी कशाला निघता? म्हणाले, "बटण दाबायचं असतं म्हणून उठतो, बेटा. नाहीतर कशासाठी उठायचं ते सांग." मी चहा मागवला.

बाबूजी गेल्यावर त्यांचे चिरंजीव बसायला लागले. त्यांना आम्ही छोटे साहेब म्हणायचो. त्यांनी ठरवलं की सगळ्या फायली आता क्लाऊडवर ठेवायच्या, म्हणजे पानिपत, गुडगाव आणि त्यांचा स्वतःचा फोन, सगळीकडे तीच फाईल दिसेल. तोवर ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे आली होती, त्यामुळे सूचनांचे मेल मी पाठवायचे. पहिल्याच मेलमध्ये मी लिहिलं होतं की बदल नीट पार पडेपर्यंत प्रत्येकाने जुन्या फोल्डरची एक प्रत महिनाभर आपल्या मशीनवर ठेवावी. काका मेलची प्रिंट घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बघ, उशिरा का होईना, कंपनीपण माझं वाक्य बोलायला लागली."

सोमवारी त्यांनी बटण दाबलं आणि काहीच गोळा झालं नाही. एकही फाईल सापडत नाही, असं मशीन म्हणालं.

मी गेले तेव्हा ते स्क्रीनकडे बोट दाखवून बसले होते. "फाईल इथे आहे. हे बघ, माझ्याच मशीनवर, या फोल्डरमध्ये. मी तिला विचारतो, बाई, तू कुठे आहेस? तर ती इंटरनेटचा हातभर पत्ता सांगते. आणि त्या पत्त्यावर माझ्या मॅक्रोला जाता येत नाही, त्याला मशीनवरचाच रस्ता कळतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, त्यातली गत." ते हसले, पण त्यांचा कप भरलेला होता आणि चहावर साय आली होती.

छोटे साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर नवी सिस्टिम विकणारी मंडळी तयारच होती. "तब रणपिसेजी को भी आराम मिल जाएगा," ते मला म्हणाले. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. आराम म्हणजे काय ते मला कळलं आणि काकांना न सांगताच कळलं होतं.

ते पाच आठवडे मला आठवतात ते त्यांच्या पाठीमुळे. सरळ बसणारा माणूस, तो स्क्रीनवर वाकत गेला. नवीन पोरांपैकी एकाने सांगितलं, काका, फोल्डरचा रस्ता हाताने लिहून टाका ना आत. काका म्हणाले, "म्हणजे माझ्याच मशीनवर चालेल. मी उद्या मेलो तर?" ते दुपारी कोणाशी बोलेनासे झाले. नकाशा मागायला आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी हाताने नुसतं बाहेर दाखवलं. मला त्या दिवशी भीती वाटली.

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "सरोजिनी नगर आठव," म्हणाले. "मामाच्या पत्रावरचा पत्ता खालून वर वाच. देश, शहर, वसाहत, ब्लॉक, क्वार्टर. पण तू ऑलरेडी गल्लीत उभी असशील तर दिल्ली कुठे म्हणून विचारशील का? सुरुवातीचं सगळं गाळत जाशील. शेवटी उरतो क्वार्टरचा नंबर." त्यांनी तेच केलं होतं. इंटरनेटच्या त्या लांबलचक पत्त्यातला सुरुवातीचा एकेक तुकडा गाळायचा, उरलेला भाग मशीनवरच्या फोल्डरला जोडायचा आणि विचारायचं, या रस्त्यावर फाईल आहे का? नाही म्हणाली तर अजून एक तुकडा गाळायचा. त्यांनी बटण दाबलं. नाही, नाही, नाही, अशा तीन ओळी उमटल्या. चौथ्या ओळीत 'आहे' आलं आणि पाठोपाठ एकतीसच्या एकतीस फायली गोळा झाल्या.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याच्यासाठी आखलेल्या जागेच्या बाहेर. "सापडली," म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

छोटे साहेबांसमोर बटण दाबलं गेलं, साहेबांनी "गुड" म्हटलं आणि विकणाऱ्या मंडळींना पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगण्यात आलं. दिवाळी आली. पानिपतचे माग दिवाळीला थांबतात, कारागीर गावाला जातात आणि सावकाश परततात. त्यामुळे मोठ्या शीटवर रोज तेच आकडे दिसत होते याचं कोणाला काही वाटलं नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या दऱ्या मागावर आहेत असं शीट म्हणत होती, म्हणून आम्ही जहाजावर जागा घेतली नाही. जहाज गेलं.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला होता. "साहब, वो दरियों की गाँठें गोदाम में पड़ी हैं, तीन हफ्ते से. मैं रोज शीट में लिख रहा हूँ. उठवाते क्यों नहीं?"

काकांनी फोन ठेवला, पासवर्ड टाकला आणि मॅक्रो उघडला. दहा मिनिटंही लागली नाहीत. चूक दुसऱ्या कोणी शोधली नाही, त्यांनीच शोधली. पत्त्याचा तुकडा जोडून बघायला त्यांनी मॅक्रोला दोन दारं दिली होती. पहिलं आपलं जुनं डी ड्राइव्ह, दुसरं क्लाऊडचं फोल्डर. पहिलं दार जुनं का? तर वीस-बावीस वर्षं फायली तिथेच सापडत आल्या होत्या, म्हणून. आणि डी ड्राइव्हवर, माझ्या मेलप्रमाणे ठेवलेली, दोन महिन्यांपूर्वीची प्रत तशीच होती. त्याच नावाचं फोल्डर, त्याच नावांच्या एकतीस फायली. मॅक्रो पहिल्या दारात विचारायचा, आहे का? आतून उत्तर यायचं, आहे. त्याची काय चूक?

ती प्रत महिन्याने काढून टाका, असा दुसरा मेल मी पाठवायचा होता. तो राहून गेला. मुलीच्या बारावीची धावपळ होती, हे काही कारण नव्हे.

गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. छोटे साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "रणपिसेजी, ये पुराना फोल्डर अब तक मशीन पर क्यों था? किसने कहा था रखने को?"

मी टेबलाच्या काचेकडे बघत होते. काचेखाली बाबूजींचा फोटो होता.

"किसी ने नहीं, सर," काका म्हणाले. "मेरी आदत है. एक कॉपी रखता हूँ."

आणि मी मूग गिळून बसले. तोंड उघडायला अर्धं मिनिट होतं, चांगलं मोठं अर्धं मिनिट, आणि मी ते बाबूजींच्या फोटोकडे बघण्यात घालवलं. पहिल्या तारखेपासून येऊ नका, असं साहेबांनी त्यांना सांगितलं. काका "जी" म्हणाले.

शेवटच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे तासभर लवकर आले. नवी सिस्टिम विकणारी मंडळी बाहेरच्या हॉलमध्ये वायरी टाकत होती. काकांनी डी ड्राइव्हचं दार मॅक्रोतून काढलं आणि जुनं फोल्डर पुसून टाकलं. जवळ एकही प्रत न ठेवता काही पुसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मग मला हाक मारली. "बेटा, तू दाब. बघ सापडतंय का."

मी दाबलं. एकतीसच्या एकतीस, आजच्या तारखेच्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. ती शीट आता कोणी उघडणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. तो होता, 'एस्तेर'. मग डबा उचलला आणि गेले.

दोन दिवसांनी त्यांचं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडेच आलं. 'सूचना' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात सगळ्यात वर माझ्या पहिल्या मेलची प्रिंट होती. खाली माझं नाव. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात तारीख आणि 'प्रत ठेवली'. म्हणजे केबिनमध्ये गेलो त्या दिवशीही ती इथेच होती, वस्तूच्या जागी वस्तू. हात घातला असता तर सापडली असती. ते डोळे मिटूनही ती काढू शकले असते.

प्रिंट घेऊन मी त्यांच्याकडे जायला सहा महिने लावले. ग्रेटर नोएडात आता शेत कुठेच नाही, एकासारखे एक टॉवर आहेत. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरातला सदरा. स्वयंपाकघरात चहा करायला ते गेले तशी मी मागोमाग गेले. फळीवर बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी खरवडून काढल्याचा पांढरा डाग होता. साखर शोधायला त्यांना तीन बरण्या उघडाव्या लागल्या.

"चिठ्ठ्या काढल्यात?" मी विचारलं.

"कोणाला काय शोधायचंय इथे?"

मी पर्समधून प्रिंट काढून पुढे केली. "काका, ही तुमच्या खणात होती. साहेबांना दाखवली का नाहीत? निदान अर्धा दोष तरी..."

त्यांनी कागद घेतला, घडी न उलगडता परत माझ्या हातात दिला. "ही ऑफिसची प्रत आहे. ऑफिसात ठेव." मग चहा गाळता गाळता म्हणाले, "मला मूल ना बाळ. तुझी पोर बारावीला होती. पास झाली?"

झाली, म्हटलं. माफ करा, असं म्हणायला मी गेले होते. आम्ही चहा प्यायलो, त्यांनी अर्धा ठेवला.

निघताना मी मुद्दाम विचारलं, "मेन रोडला कसं जाऊ?" वाटलं, पेन्सिल घेतील. टाकी दाखवतील, वळण दाखवतील.

"मोबाईल दाखवेल ना," ते म्हणाले. "बाल्कनीत उभा राहतो, तू नीघ."

मी खाली येऊन मागे वळले. सगळ्या बाल्कन्यांना एकच जाळी, एकच रंग, वाळत घातलेले तेच कपडे. मजला मोजायला सुरुवात केली आणि नवव्या-दहाव्यापाशी चुकले. परत मोजला, परत चुकले. दोन-तीन बाल्कन्यांत कोणीतरी उभं होतं, त्यातले काका कुठले ते कळेना. शेवटी त्यांतल्या एका बाल्कनीकडे बघून मी हात हलवला.